मोकलांच्या डोक्याला कावळा शिवतो

पेणच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल कुठे न्यायची हे ठरवायचं काम काळुराम मोकलांकडे आलं, आणि मंडळाचं तिथेच चुकलं. मोकल नुकतेच एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. अशा माणसाला काम सांगताना जपून सांगावं लागतं, कारण तो ते करतो. दुसरा कोणी असता तर पालीचा गणपती, वाटेत मिसळ आणि परतीला डुलकी एवढ्यावर सहल उरकली असती. मोकलांनी रीतसर सभा बोलावली, घसा साफ केला आणि जाहीर केलं की मंडळ यंदा रोह्याला जाईल आणि नाथा गुरुजींचं 'अंत्यविधी व शोकपरंपरा संग्रहालय' पाहील.

सभेत चुळबुळ झाली. मग मागून एक आजोबा म्हणाले, "मोकलसाहेब, आमची वयं बघा. तिथली माहिती आम्हाला आपोआप मिळणार आहे. त्यासाठी तिकीट कशाला काढायचं?"

मोकलांनी शांतपणे खुलासा केला. नाथा गुरुजी हे निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी आपल्या भाताच्या जुन्या गोदामात हे संग्रहालय उघडलं होतं. आपली माणसं जाणाऱ्याला कशी निरोप देत आली, सुतक कसं पाळत आली, हे सगळं तिथे मांडून ठेवलेलं होतं. ज्ञानात भर पडली असती. पण ज्ञानाची गरज कोणाला नव्हती. लोकांना शंका होत्या. आल्यावर आंघोळ करावी लागेल का? आणि ती दाराबाहेर की मोरीत? वाटेत गोड खाल्लं तर चालेल का? तिथली तिरडी कोरी आहे की वापरलेली? शेवटच्या प्रश्नावर मंडळ इतकं अडून बसलं की मोकलांनी गुरुजींना लेखी विचारणा केली. गुरुजींचं उलट टपाली उत्तर आलं की तिरडी कोरी आहे, मडकं मात्र फुटलेलं आहे, म्हणजे अस्सल आहे.

या उत्तराने मंडळाचं समाधान झालं नाही. सहलीच्या आदल्या दिवशी एकेकाचे गुडघे दुखायला लागले. सकाळी पेण स्टेशनवर मोकल, त्यांच्या पत्नी चंद्रावतीबाई आणि शेजारचा पोपट घरत असे तिघेच उभे होते. पोपट आला होता, कारण जिथे सल्ला द्यायला वाव आहे असं कुठलंही ठिकाण त्याने आजवर चुकवलेलं नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगून टाकू. मोकलांना संग्रहालयाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांची थोरली बहीण कृष्णाबाई रोह्यात राहत होती, कुंडलिका नदीच्या अलीकडच्या आळीत, आणि गुरुजींच्या गोदामापासून तिचं घर हाकेच्या अंतरावर होतं. आठ वर्षं भावाबहिणीत बोलणं नव्हतं. आई गेली ती ऐन मार्च महिन्यात. दहाव्याला भोगावतीच्या काठावर पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. मुलीचं लग्न करू म्हणून सांगितलं, घराचा ओटा बांधू म्हणून सांगितलं, बहिणीला अंतर देणार नाही म्हणूनही सांगितलं. कावळे समोरच्या चिंचेवर बसून नुसते बघत होते. इकडे कचेरीत मार्च एंड. बिलं त्याच दिवशी गेली नाहीत तर सगळा निधी परत जाणार, आणि मोकलांच्या सहीशिवाय एकही बिल हलणार नाही. शेवटी त्यांनी भटजींना खूण केली. भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि मोकल सायकलवर टांग टाकून कचेरीत गेले.

"मार्च एंडसाठी आईला गवताच्या कावल्यावर भागवलीस," एवढं एकच वाक्य कृष्णाबाई बोलली. त्यानंतर भाऊबीज नाही, लग्नकार्य नाही, निरोप नाही. मोकल म्हणत, "शास्त्रात सोय आहे." शास्त्रात सोय होती हे खरंच आहे. पण दर भाऊबीजेला ते दुपारभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत, आणि चंद्रावतीबाईंनी विचारलं तर पेपरवाल्याची वाट बघतोय म्हणून सांगत. पेपर सकाळीच आलेला असे.

तर अशी ही सहल होती.

नाथा गुरुजींनी तिघांना गोदामाच्या दारातच ओळीने उभं केलं. शाळा सुटली तरी गुरुजींच्या हातातली छडी सुटली नव्हती. ती एकेका वस्तूवर टेकवत ते माहिती देत आणि मध्येच गर्रकन वळून प्रश्न विचारत. "सांगा, मयताच्या घरून निघताना काय म्हणू नये?"

"येतो म्हणू नये," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

"शाबास. आणि आपण, साहेब? मयताच्या घरी पहिला घास कोण पाठवतं?"

मोकल हेडक्लार्क होते. उत्तर येत असलं तरी कोणी असं अंगावर येऊन विचारलं की त्यांना आधी फाइल मागवावीशी वाटे. ते घुटमळले. गुरुजींनी निराशेने मान हलवली आणि स्वतःच सांगितलं की शेजारी पाठवतात, मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारचा पिठलंभात येतो आणि जवळचं माणूस तो भरवतं, त्याला कडू घास म्हणतात. पोपट तेवढ्यात तिरडीचा बांबू वाजवून बघत होता. बांबू फार जून आहे, आमच्याकडे मिळतो तो बघा, असं तो गुरुजींना सांगू लागला.

पुढे काचेच्या पेटीत एक लहानशी गवताची वस्तू होती. खाली गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'दर्भाचा कावळा. खरा कावळा न आल्यास, अथवा यजमानास घाई असल्यास.'

मोकलांनी ते वाचलं. चंद्रावतीबाईंनीही वाचलं आणि नवऱ्याकडे न बघता पदर सारखा केला. नवराबायकोच्या इतक्या वर्षांच्या संसारात न बघण्यालाही आवाज येतो. मोकल म्हणाले, "इथे फार उकडतंय," आणि मागच्या दाराने अंगणात गेले.

अंगणात गुरुजींचं जिवंत दालन होतं. एका चौथऱ्यावर रोज भाताचे गोळे ठेवले जात, आणि आसपासच्या कावळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की तिथे माणसांनी थोडं बाजूला व्हावं असं त्यांना वाटे. चौथऱ्याला एक पाटी लावलेली होती. मोकल ती वाचायला वाकले. त्यांच्या डोक्यावर केस उरले नव्हते, आणि ऊन चांगलं होतं. वरच्या फांदीवरून एक जाडजूड कावळा उतरला, मोकलांच्या टकलावर दोन्ही पाय टेकून क्षणभर बसला आणि इकडेतिकडे बघून भाताकडे गेला.

"शिवला!" पोपट किंचाळला. "भाऊंच्या डोक्याला कावळा शिवला!"

चंद्रावतीबाई जागीच खाली बसल्या. डोक्याला कावळा शिवणं म्हणजे काय, हे त्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. ज्याच्या डोक्याला शिवतो तो फार दिवसांचा सोबती नसतो. मोकल रुमालाने डोकं पुसत म्हणाले, "पाय ठेवायला जागा हवी होती त्याला, दुसरं काही नाही." गुरुजी मात्र आनंदाने उजळून निघाले होते. त्यांच्या संग्रहालयात प्रथमच काहीतरी प्रत्यक्ष घडलं होतं.

"घाबरायचं कारण नाही," ते म्हणाले. "यावर तोड आहे. आत आपला फलकच आहे. ज्याला कावळा शिवला तो वारला अशी खोटी बातमी जवळच्या रक्ताच्या माणसाला कळवायची. ते माणूस मनापासून रडलं की मरण टळलं. मग लगेच खरं सांगून टाकायचं. पण रडणं खरं पाहिजे. आणि रक्ताचं पाहिजे. बायकोचं चालत नाही."

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही," मोकल म्हणाले, आणि ताठ मानेने निघाले. फाटकातच त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. पोपटने चंद्रावतीबाईंकडे बघितलं. रस्त्यावर आले तर एक टेम्पो इतक्या जवळून गेला की मोकलांच्या सदऱ्याची बाही हलली. पोपटने पुन्हा बघितलं. टेम्पो काय, रोह्यात सगळ्यांच्याच जवळून जातात. पण चंद्रावतीबाईंनी रस्त्याच्या कडेला उभं राहून जाहीर केलं की निरोप जाईपर्यंत त्या पाण्याचा थेंब घेणार नाहीत.

प्रश्न होता तो निरोप द्यायचा कोणाला. मुलगी सरू मुंबईला, पण ती बाळंतपणाला टेकलेली, तिला असलं काही सांगणं शक्य नव्हतं. चुलतभाऊ सखा जित्याला होता. "सखा रडायचा नाही," पोपट म्हणाला. "तो आधी विचारील, खाडीकडच्या मिठागराचं भाऊंनी काय केलं." आता उरलेलं नाव एकच होतं आणि ते इथून हाकेच्या अंतरावर राहत होतं.

"तिला नको," मोकल म्हणाले.

"का नको? वन्सं तुमच्या सख्ख्या नाहीत का?" चंद्रावतीबाईंना रडू फुटलं होतं. "त्या रडल्या की लगेच आपण दारात जाऊ. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवीन. निमित्ताने बोलणं तरी होईल."

मोकलांनी बरीच कारणं सांगितली. एकही खरं नव्हतं. खरं कारण असं होतं की त्यांना भीती वाटत होती. मरणाची नाही, मरणाचं काय ते बघून घेता आलं असतं. पण काळू मेला असं ऐकून ती रडलीच नाही तर? राग वरवरचा आहे, माया तशीच आहे, हे आठ वर्षं मनाला सांगितलेलं सगळं त्या एका क्षणात खोटं ठरलं असतं. आणि त्याच वेळी, पोटात कुठेतरी, ती रडते का हे त्यांना कळायलाही हवं होतं. म्हणून ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत, आणि पोपट एस.टी.डी. बूथमध्ये शिरला.

कृष्णाबाईच्या घरी फोन नव्हता. खालच्या केरू वाण्याच्या दुकानात होता. पोपटने आवाज रडवेला काढायचा प्रयत्न केला, पण लाइन इतकी खराब होती की त्याला ओरडावंच लागलं. "काळुराम गेला! काळुराम मोकल! पेणचा! गेला, गेला! नाही, गावाला नाही गेला, वारला! हो! कृष्णाबाईला सांग! आणि ऐक, पुढचं महत्त्वाचं आहे..." तेवढ्यात लाइन तुटली.

बूथवाल्याने बाहेर थांबलेल्या मोकलांना अदबीने खुर्ची दिली. "बसा काका. तुमचं कोण गेलं?"

"मीच," मोकल म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. बूथवाला सावकाश आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही.

पोपट नंबर फिरवत राहिला, पण केरूचा फोन लागेना. लागणार कसा? केरू स्वतः फोनवर होता आणि ही बातमी पेणला कळवत होता. तो चांगला माणूस होता, आणि त्याच्या दुकानात एवढी मोठी बातमी यापूर्वी कधी आली नव्हती.

शेवटी तिघे आळीत गेले. मोकलांनी वेताळासारखं अचानक दारात उभं राहू नये म्हणून पोपटने पुढे व्हायचं, मग चंद्रावतीबाईंनी, आणि मोकलांनी कोपऱ्यावरून खूण झाली की यायचं असं ठरलं. पण दाराला कुलूप होतं. शेजारची सीताबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"कृष्णाबाय ना? ती पेनला गेली. तिचा भाव मेला. खांब गावाला लेक हाय मालू, तिला घेऊन म्होरं जाते बोलली."

"फार रडली असेल," कोपऱ्यावरून पुढे येत मोकल म्हणाले. खूण झाली नव्हती, पण त्यांना राहवलं नाही.

सीताबाईने या नव्या माणसाकडे बघितलं. "हे कोन?"

"लांबचे," पोपट म्हणाला.

"रडली कुठं! डोल्याला टिपूस नाय. मी गलाच काढला व्हता, तर मलाच बोलली, सीते, गप ऱ्हा गो, मला काम हाय. पिशवीत तांदूळ घेतला, दोन लुगडी घेतली नि बोलली, धा दिस येनार नाय, दारावर नजर ठेव. गेली बी."

मोकलांनी "बरं" म्हटलं. ते एवढंच म्हणाले आणि स्टेशनकडे चालायला लागले, तुटक्या चपलेने, पाय ओढत. पोपट मागून सांगत होता की रडं आलं नाही म्हणजे तोड लागू झाली नाही, आता दुसऱ्या कोणाला तरी कळवायला हवं, आत्येभाऊ वगैरे कोणी आहे का? चंद्रावतीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पोपटला "गप बसा हो भावजी" असं म्हटलं.

गाडी कासूला क्रॉसिंगला थांबली आणि बराच वेळ थांबली. मोकल खिडकीतून भाताच्या कापलेल्या शेतांकडे बघत होते. त्यांना राहून राहून तांदळाचं वाईट वाटत होतं. भाऊ मेला असं कळल्यावर एखादं माणूस सुन्न होतं, भिंतीला टेकतं, निदान हातातलं खाली ठेवतं. तिने तांदूळ मोजून घेतला असेल. दहा दिवस राहायचं तर भावजयीवर भार नको, असा हिशेबी विचार तिने केला असेल. लहानपणी ताप आला की रात्रभर पायथ्याशी बसणारी बाय ती हीच का, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी तो चष्मा पुसून घालवायचा प्रयत्न केला. चष्मा तीनदा पुसून झाला तरी शेतं काही स्वच्छ दिसेनात.

इकडे पेणला केरूने आपलं काम चोख केलं होतं. मोकल आपल्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले तेव्हा घरासमोर चाळीस-पन्नास माणसं उभी होती, आणि त्यांच्या मधोमध सखा, तोच जित्याचा चुलतभाऊ, आणि समोरच्या घरातला विठू हे दोघे बांबूवरून भांडत होते. बॉडी रोह्याहून गाडीने येतेय, ती येईपर्यंत तयारी व्हायला हवी असा सखाचा आग्रह होता.

"आखूड हाय हा बांबू," सखा म्हणत होता. "काळू उंच व्हता."

"कसला उंच! माझ्या खांद्याला लागायचा."

"पाच फूट सहा इंच," मागून मोकल म्हणाले. चुकीची माहिती कानावर पडली की दुरुस्त करायची, ही सवय तीस वर्षांची होती.

सगळे वळले. एक बाई ओरडली, दोन मुलं पळाली, आणि मग जे झालं त्याने मोकलांना खरं दुःख झालं. लोकांना आनंद झाला, पण तो क्षणभरच. लगेच त्याची जागा रागाने घेतली. विठूने रजा टाकली होती. सखा जेवणाच्या ताटावरून उठून आला होता. "निदान कळवायचं तरी की मेलो नाय म्हनून," तो म्हणाला. पोपट सगळ्यांना कावळ्याचा खुलासा करत होता, पण ऐकणाऱ्याला दर वेळी असंच वाटत होतं की चूक मोकलांची आहे. ज्या कचेरीत त्यांनी जन्म घालवला तिथून तर दुखवट्याचा ठराव घेऊन शिपाई आला होता. ठरावात 'मनमिळाऊ' असा शब्द होता. मोकलांना तो आवडला. ठराव आता मागे घ्या असं ते म्हणाले तेव्हा शिपायाने अडचण सांगितली : ठराव एकमताने झालाय, तो रद्द करायला पुढची सभा भरावी लागेल, तोवर साहेबांनी, म्हणजे, जरा सांभाळून घ्यावं. शिवाय पेन्शनच्या टेबलाला कोणीतरी घाईने कळवलंय, तिथे उद्या स्वतः जाऊन जिवंत असल्याचा अर्ज द्यावा, सोबत दोन साक्षीदार. मोकलांनी आजूबाजूला बघितलं. साक्षीदार पुष्कळ होते, पण त्या घटकेला त्यांच्या बाजूने सही करील असा चेहरा एकही दिसेना.

ते घरात जाऊन आतल्या खोलीत बसले. स्वयंपाकघरात शेजारणींनी आणून ठेवलेला पिठलंभात झाकलेला होता. घराची चूल सकाळपासून पेटलेली नव्हती, तेव्हा रीतीप्रमाणे सगळं बरोबरच होतं. फक्त ज्याच्यासाठी ते आणलं तोच भुकेने कासावीस होऊन पाटावर बसला होता, आणि वाढून घ्यायची त्याला लाज वाटत होती.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. पोपट पुढे झाला असावा, कारण त्याचा आवाज आला, "कृष्णाबाई, एक वाईट बातमी आहे. म्हणजे, चांगली आहे. म्हणजे तुम्ही आधी बसून घ्या..."

"बाजूला हो रं," कृष्णाबाईचा आवाज आला. "उचलला तर नाय ना अजून?"

ती दारात आली. पासष्टीची, वाळलेली, काटक, काखेत तांदळाची पिशवी, मागे घाबरलेली मालू. आठ वर्षांनी तिने भावाच्या घरचा उंबरा ओलांडला. पाटावर बसलेल्या मोकलांना तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. बाहेरची सगळी माणसं खिडक्यांशी आली होती.

"मेलास म्हनून सांगितलं," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"नाही मेलो."

"ते दिसतंय."

चंद्रावतीबाईंनी रडत रडत कावळा, फलक, फोन सगळं सांगितलं. कृष्णाबाईने ते उभ्यानेच ऐकून घेतलं. ती ओरडलीही नाही. आणि तेवढ्यात मोकलांना जे विचारायचं नव्हतं तेच त्यांच्या तोंडून गेलं, आणि तेही कारणे दाखवा नोटीस दिल्यासारखं.

"सीताबाई म्हणाली, तू रडली नाहीस."

"कवा रडू?" कृष्णाबाई म्हणाली. "केरू सांगून गेला तसं एकच डोक्यात आलं, तिकडं हाय कोन? चंद्रावतीला सुचायचं नाय. लेक पोटुशी. ऱ्हायला हा पोपट. हा पोपट तुझं धावं घटकाभरात उरकील, गवताचा कावला लावील नि मोकला व्हईल. म्हटलं, नाय. मी जाते. धा दिस बसते. माझ्या हातचा भात करीन, नदीवर ठेवीन, नि खरा कावला येईस्तोवर उठनार नाय. सांज झाली तरी नाय, दुसरा दिस उजाडला तरी नाय. तुला काय पायजे, काय ऱ्हायलंय, सगलं इचारीन. आईच्या येलेला नाय जमलं, तुझ्या येलेला तरी व्हऊ दे. रडायचं काय, रडायचं मागनं बी जमलं असतं."

एवढं बोलून तिने तांदळाची पिशवी कोनाड्यात ठेवली, हात धुतले आणि झाकलेलं पातेलं उघडून बघितलं. "जेवलास?"

मोकलांनी नकारार्थी मान हलवली.

कृष्णाबाईने थाळीत भात घेतला, त्यावर पिठलं ओतलं, खाली बसून बोटांनी कालवलं आणि घास त्यांच्या तोंडापुढे धरला. "आ कर."

मोकलांनी तोंड उघडलं. साठीच्या, निवृत्त, मनमिळाऊ म्हणून ठरावात नोंद झालेल्या त्या माणसाने तो घास घेतला, आणि मग तो गिळताच येईना, कारण ते रडत होते. नुसते डोळे पाणावले नव्हते, चांगले हुंदके देऊन, खांदे हलवून, पोरासारखे रडत होते, आणि खिडकीत पन्नास माणसं होती याची त्यांना शुद्ध नव्हती. चंद्रावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मालूही रडू लागली. खिडकीतल्या बायकांनी तर मघाशी राहून गेलेलं सगळं रडून घेतलं. कोरड्या डोळ्यांची त्या घरात एक कृष्णाबाईच होती.

"अहो, पण हे उपयोगाचं नाही!" खिडकीतून पोपट कळवळून म्हणाला. त्याला मनापासून काळजी वाटत होती. "रडायचं यांनी नव्हतं! कावळा यांना शिवलाय, रडायचं बहिणीनं!"

कृष्णाबाईने वळून बघितलं नाही.

"आमी दोघं एका आईची हाव," ती म्हणाली. "कोनी बी रडलं तरी चालतं." आणि तिने पुढचा घास कालवायला घेतला.